बोर्ड आऊट झाल्यावर पुन्हा सैन्यात जायचंय? पुण्यातून करायची कागदपत्रं आणि पायऱ्या

मेडिकल बोर्डाने (लष्करी डॉक्टरांच्या मंडळाने) सेवेला अयोग्य ठरवून घरी पाठवलेला, म्हणजे ‘बोर्ड आऊट’ झालेला जवान ‘परत भरती होता येतं का’ असं इंटरनेटवर शोधतो, तेव्हा समोर येते ती अमेरिकेची माहिती: वेव्हर (नियमातून सूट), तिथले फॉर्म, तिथल्या भरती केंद्रांचे नियम. त्यातलं आपल्या कामाचं काहीच नाही. भारतीय सैन्यात आजार असूनही सूट द्या, असा अर्ज नसतो. आजार उरलेला नाही, हे लष्कराच्याच डॉक्टरांच्या बोर्डासमोर दाखवावं लागतं. त्याची वाट ‘रेग्युलेशन्स फॉर द आर्मी, १९८७’ च्या परिच्छेद १४३ मध्ये दिलेली आहे. भरती कार्यालयाच्या खिडकीवर या परिच्छेदाची माहिती सगळ्यांना असेलच असं नाही, म्हणून त्याचा आकडा पाठ ठेवा आणि अर्जाच्या पहिल्याच ओळीत लिहा.

परिच्छेद १४३ चा आशय असा. ज्याला अपंगत्व पेन्शन चालू आहे त्याला पुन्हा भरती करून घेतलं जात नाही. ज्याला बोर्ड आऊट केलं पण अपंगत्व पेन्शन दिली नाही, किंवा फेरतपासणीत अपंगत्व २० टक्क्यांच्या खाली आल्याने ज्याची पेन्शन थांबली, तो पुनर्भरतीला पात्र ठरू शकतो. अट एकच, नव्याने मेडिकल बोर्ड होऊन त्यात तो फिट ठरला पाहिजे. क्रमही ठरलेला आहे: आधी भरती कार्यालयाचा वैद्यकीय अधिकारी तपासतो, त्याला माणूस फिट वाटला तर भरती अधिकाऱ्यामार्फत रेकॉर्ड ऑफिसच्या (रेजिमेंटच्या जवानांचे सेवेचे कागद सांभाळणाऱ्या कार्यालयाच्या) प्रमुखाकडे अर्ज जातो आणि रेकॉर्ड ऑफिस लष्करी रुग्णालयात बोर्ड लावतं.

हा नियम पात्रता देतो, हक्क देत नाही. २०२२ पासून जवानांची भरती अग्निपथमधून होते. त्यामुळे बोर्डात फिट ठरलात तरी वय आणि रिकामी जागा हे दोन प्रश्न उरतातच. हे आधी सांगतोय कारण या वाटेवर वर्ष-दोन वर्षं सहज जातात, आणि तेवढ्यात दुसऱ्या नोकरीचं वय निघून जातं.

आधी एक निर्णय: पेन्शन की पुनर्भरती

यात सगळ्यात मोठी चूक इथे होते. अपंगत्व पेन्शनचा दावा म्हणतो, ‘मला अपंगत्व आहे आणि ते सेवेमुळे आलं.’ पुनर्भरतीचा अर्ज म्हणतो, ‘मला आता काहीही त्रास नाही.’ दोन्ही कागद एकाच रेकॉर्ड ऑफिसात, एकाच आर्मी नंबरच्या फायलीत जातात. एका हाताने पेन्शनचं अपील आणि दुसऱ्या हाताने पुनर्भरतीचा अर्ज टाकला, तर पेन्शनच्या सुनावणीत दुसरा अर्ज पुढे काढला जातो आणि भरतीच्या बोर्डापुढे पहिला.

आमचं मत स्पष्ट आहे. आजाराचं नातं सेवेशी जोडता येत असेल, म्हणजे ड्युटीवर दुखापत झाली असेल, उंच भागातल्या पोस्टिंगनंतर त्रास सुरू झाला असेल किंवा भरतीच्या वेळी तब्येत साफ होती असं कागदावर असेल, तर पेन्शनच्या मागे लागा. ती आयुष्यभराची गोष्ट आहे आणि न्यायालयाने या बाबतीत जवानाच्या बाजूने ठोस भूमिका घेतलेली आहे. भरतीच्या वेळी आजाराची नोंद नसेल तर जवान सुदृढ होता असं धरायचं आणि आजार सेवेशी संबंधित नाही हे सिद्ध करण्याची जबाबदारी सरकारची, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये सांगितलं. बोर्ड आऊट केलं म्हणजे अपंगत्व २० टक्क्यांहून जास्त होतं असंच मानावं लागेल, हे २०१४ मध्ये सांगितलं. २१ सप्टेंबर २०२३ पासून अपंगत्व लाभाचे नवे नियम लागू झालेत, तेव्हा डिस्चार्जची तारीख त्याच्या अलीकडची की पलीकडची हे वकिलाला पहिल्याच भेटीत सांगा.

पेन्शन नाकारली असेल तर सहा महिन्यांत पहिलं अपील करायचं, ते फेटाळलं तर पुढच्या सहा महिन्यांत दुसरं. पुनर्भरतीचा विचार त्याने करावा ज्याचं वय अजून हाताशी आहे, ज्याचा आजार खरोखर पूर्ण बरा होणारा होता आणि ज्याला पेन्शन मिळालेली नाही. इन्व्हॅलिड पेन्शन (आजार सेवेशी संबंधित नसतानाही बोर्ड आऊट झालेल्याला मिळणारी) मिळत असेल तर थांबा. नियमात शब्द अपंगत्व पेन्शन असा आहे, त्यामुळे तुमच्या बाबतीत काय लागू होतं ते रेकॉर्ड ऑफिसकडून लेखी घ्या आणि मगच पुढे जा.

अजून युनिटमध्येच असाल तर

घरी येण्याआधीची लढाई घरी आल्यानंतरच्या लढाईपेक्षा कितीतरी सोपी असते. लो मेडिकल कॅटेगरी (पूर्ण फिट नसल्याचा दर्जा) मिळाली म्हणजे लगेच घर असं नाही. शेप (SHAPE) या लष्करी वैद्यकीय श्रेणीच्या पाच अक्षरांत मन, कान, हात-पाय, शरीर आणि डोळे मोजले जातात. १ म्हणजे पूर्ण फिट आणि ५ म्हणजे सेवेला अयोग्य. तात्पुरत्या कॅटेगरीत फेरतपासणीची तारीख लिहिलेली असते. ती चुकवू नका, आणि रजेवर असाल तर युनिटला कळवून तारीख बदलून घ्या. युनिटमध्ये बसून करण्यासारखं काम असेल, स्टोअर, क्लार्क, ट्रेनिंग एड्स असं काही, तर कमांडिंग ऑफिसरकडे लेखी विनंती द्या. हलक्या कामावर ठेवून घेण्याचा निर्णय त्यांच्या शिफारशीवर बराच अवलंबून असतो.

वैद्यकीय कारणाने डिस्चार्ज करताना आर्मी रूल्स १९५४ च्या नियम १३ प्रमाणे इन्व्हॅलिडिंग बोर्डाची (सेवेला अयोग्य ठरवणाऱ्या मेडिकल बोर्डाची) शिफारस लागते. लो मेडिकल कॅटेगरीतल्या माणसाला असा बोर्ड न भरवताच ‘इतर कारणे’ या कलमाखाली घरी पाठवता येत नाही, असा सर्वोच्च न्यायालयाचा २००८ चा निकाल आहे. तुमच्या डिस्चार्जच्या कागदावर बोर्डाचा उल्लेखच नसेल, तर पुनर्भरतीचा अर्ज बाजूला ठेवा. डिस्चार्जलाच आव्हान देणं हा तुमचा खरा रस्ता आहे.

बोर्डाचा फॉर्म म्हणजे एएफएमएसएफ-१६. त्याच्या पहिल्या भागात जवानाचं स्वतःचं निवेदन असतं. त्यात त्रास पहिल्यांदा कधी, कुठे आणि कोणती ड्युटी करताना झाला हे विचारलेलं असतं. पुष्कळ जण घाईत कोऱ्या जागेखाली सही करतात आणि क्लार्क तिथे ‘माहीत नाही’ भरून टाकतो. पुढची दहा वर्षं प्रत्येक अधिकारी, प्रत्येक वकील तेच दोन शब्द वाचतो. स्वतःच्या हाताने लिहा. खरं लिहा, पण नेमकं लिहा: महिना, ठिकाण, काम. ‘पाय दुखत होता’ यापेक्षा ‘१० किलोमीटर रूट मार्चमध्ये उजवा गुडघा मुरगळला, त्याच दिवशी एमआय रूममध्ये (युनिटच्या दवाखान्यात) दाखवलं’ या वाक्याला वजन आहे. दुखापत असेल तर आयएएफवाय-२००६ हा इंज्युरी रिपोर्ट भरला गेलाय का ते निघण्याआधी बघा. नंतर तो मिळवणं फार कठीण.

कागद गोळा करणं

घरी आल्यावर पहिलं काम हे. पुनर्भरती असो की पेन्शन, कागद तेच लागतात. डिस्चार्ज बुक आणि डिस्चार्ज सर्टिफिकेट, त्यातली कारणाची ओळ शब्दशः. एएफएमएसएफ-१६ पूर्ण, सगळ्या पानांसह. भरतीच्या वेळची तपासणी म्हणजे एएफएमएसएफ-२ए. मधल्या काळातली कॅटेगरी बोर्डं, एएफएमएसएफ-१५. रुग्णालयातल्या केस शीट आणि तपासण्या. पेन्शन नाकारल्याचं पत्र आलं असेल तर तेही.

जे मिळत नाही ते माहिती अधिकारात मागा. शुल्क १० रुपये, उत्तराची मुदत ३० दिवस. उत्तर न आल्यास किंवा अपुरं आल्यास ३० दिवसांत पहिलं अपील, त्यानंतर ९० दिवसांत केंद्रीय माहिती आयोग. स्वतःचे वैद्यकीय कागद स्वतःला मिळायला खासगीपणा आड येत नाही, फक्त मागणारा तुम्हीच आहात हे दिसावं म्हणून ओळखपत्राची प्रत जोडा. ऑनलाइन पोर्टलवर ३,००० अक्षरांचीच जागा आहे, तेव्हा कहाणी लिहू नका. आर्मी नंबर, रँक, नाव, डिस्चार्जची तारीख आणि हव्या असलेल्या कागदांची नावं, बस. रुग्णालयाच्या केस शीट आणि रेकॉर्ड ऑफिसचे कागद वेगवेगळ्या अर्जांत मागितले तर एकासाठी दुसरा अडकून राहत नाही.

आपल्या मराठी मुलांची एक खास अडचण इथे सांगायला हवी. लष्करी कागदांवर नाव आडनावापासून सुरू होतं आणि आधारवर स्वतःच्या नावापासून. ‘शिंदे राहुल भाऊसाहेब’ आणि ‘राहुल भाऊसाहेब शिंदे’ हे कॉम्प्युटरला दोन माणसं वाटतात. त्यात वडिलांचं नाव एका ठिकाणी ‘भाऊसाहेब’ आणि दुसऱ्या ठिकाणी ‘भाऊ’ असेल तर फाईल महिनोन्‌महिने परत येत राहते. दोन्ही नावं एकाच व्यक्तीची असल्याचं प्रतिज्ञापत्र आधीच करून ठेवा आणि प्रत्येक अर्जाला त्याची प्रत लावा. अर्जावर नाव डिस्चार्ज बुकात आहे तसंच लिहा.

एएफएमएसएफ-१६ हातात आला की शेवटच्या भागापासून वाचा. आजाराचं नाव, अपंगत्वाची टक्केवारी, किती काळासाठी, आणि तीन प्रश्नांची उत्तरं: आजार सेवेमुळे झाला का, सेवेमुळे बळावला का, की सेवेशी संबंध नाही. तिसऱ्यावर खूण असते तेव्हा पेन्शन नाकारली जाते, आणि परिच्छेद १४३ प्रमाणे तोच माणूस पुनर्भरतीला पात्र ठरू शकतो. खाली कारण म्हणून ‘जन्मजात प्रवृत्तीचा आजार’ असं लिहिलं असेल तर सावध व्हा. नव्या बोर्डापुढे हेच वाक्य आडवं येतं: प्रवृत्तीच असेल तर ती गेली कशी, असं डॉक्टर विचारणार. त्याचं उत्तर तयार नसताना अर्ज करू नका.

बरं झाल्याचा पुरावा

काही आजारांत हा रस्ता जवळपास बंद आहे आणि ते आधीच सांगणं बरं. झटके (मिरगी) येण्याचा इतिहास आणि मानसिक आजाराचं निदान, या दोन्हींत नव्या भरतीची दारंही बंद असतात. औषध थांबून कितीही वर्षं झाली तरी बोर्ड जोखीम घेत नाही. अशा जवानाने आणि त्याच्या घरच्यांनी पेन्शन, उपचार आणि पुनर्वसनावर सगळी ताकद लावावी.

उलट काही ठिकाणी निकष लिहून ठेवलेले आहेत आणि त्यांचा आधार घेता येतो. रक्तदाब १४०/९० च्या वर सतत राहिला तर उमेदवार नाकारतात, पण डॉक्टरसमोर बसल्यावरच वाढणारा दाब वेगळा काढण्यासाठी २४ तासांची ॲम्ब्युलेटरी तपासणी (अंगावर यंत्र लावून दिवसभर दाब मोजणं) करायची सोय निकषांतच आहे. अधिकारी भरतीच्या निकषांत फुफ्फुसाच्या क्षयाबद्दल म्हटलंय की उपचार पूर्ण होऊन दोन वर्षांहून जास्त काळ गेला असेल आणि मोठा व्रण उरला नसेल तर विचार होऊ शकतो, त्यासाठी सीटी स्कॅन आणि ब्राँकोस्कोपीसारख्या (दुर्बिणीने श्वासनलिका बघण्याच्या) तपासण्या लागतात. जवानाच्या बोर्डापुढेही या निकषांचा दाखला देता येतो. म्हणजे उपचार संपून आठ महिनेच झाले असतील तर आत्ता अर्ज करणं म्हणजे एक नकार फायलीत लावून घेणं. दोन वर्षं पुरी होऊ द्या.

खासगी डॉक्टरांचं ‘सर्व कामांसाठी फिट’ असं एका ओळीचं प्रमाणपत्र बोर्ड बाजूला ठेवतं, आणि त्यात त्यांचं चुकत नाही. त्या ओळीतून काहीच कळत नाही. ससूनसारख्या सरकारी रुग्णालयातल्या त्या विषयाच्या तज्ज्ञाकडून सविस्तर अहवाल घ्या. त्यात असावं: निदान आणि ते कोणत्या तपासणीने झालं, उपचार कोणत्या तारखेपासून कोणत्या तारखेपर्यंत, शेवटची गोळी कधी घेतली, आजच्या तपासण्यांचे आकडे, आणि आकडे दोनदा, मध्ये किमान काही महिन्यांचं अंतर ठेवून. गुडघ्याच्या जवानाचा चांगला अहवाल असा दिसतो: सांधा पूर्ण वाकतो आणि सरळ होतो, दोन्ही मांड्यांचा घेर सेंटिमीटरमध्ये आणि दोन्हींत फरक नाही, सांध्यात ढिलेपणा नाही, अमुक तारखेच्या एमआरआयमध्ये असं असं दिसलं. मांडीचा घेर हा छोटा आकडा वाटतो, पण दुखरा पाय वापरला जात नसेल तर तो पहिल्यांदा तिथेच दिसतो, म्हणून तपासणारा डॉक्टर टेप आधी मांडीला लावतो.

शरीराची तयारीही त्याच वेळी चालू द्या. अग्निवीर जीडीच्या (जनरल ड्युटी) मैदानी चाचणीत १.६ किलोमीटर ५ मिनिटं ३० सेकंदांच्या आत धावल्यास पूर्ण गुण मिळतात. स्वतःला तोच काटा लावा. पाय किंवा कंबर दुखावलेली असेल तर सुरुवात रेसकोर्सच्या बाजूच्या सपाट जमिनीवर करा. तळजाई आणि पर्वतीच्या उतारांवर गुडघ्याला चढापेक्षा जास्त मार बसतो.

अर्ज

पुणे, अहिल्यानगर, बीड, लातूर, धाराशिव आणि सोलापूर या जिल्ह्यांचं काम पुण्याच्या आर्मी रिक्रूटिंग ऑफिसमधून चालतं. सातारा, सांगली, कोल्हापूरकरांना कोल्हापूरचं कार्यालय आहे. पुण्यात भाड्याने राहणाऱ्या साताऱ्याच्या मुलाने डिस्चार्ज बुकातला पत्ता बघून कार्यालय ठरवावं.

अर्ज हिंदीत किंवा इंग्रजीत करा, एका पानात बसवा. आशय असा हवा: ‘मी, आर्मी नंबर अमुक, अमुक रेजिमेंटमध्ये अमुक तारखेला भरती झालो आणि अमुक तारखेला अमुक आजारामुळे इन्व्हॅलिडिंग बोर्डाच्या शिफारशीने सेवामुक्त झालो. मला अपंगत्व पेन्शन मिळत नाही. ज्या आजारामुळे सेवामुक्त केलं त्यातून मी पूर्ण बरा झालो आहे, पुरावे सोबत जोडले आहेत. रेग्युलेशन्स फॉर द आर्मी १९८७, परिच्छेद १४३ प्रमाणे भरती कार्यालयाच्या वैद्यकीय अधिकाऱ्याकडून माझी तपासणी व्हावी आणि फिट आढळल्यास नव्या मेडिकल बोर्डासाठी माझा अर्ज रेकॉर्ड ऑफिसकडे पाठवावा.’ घरची परिस्थिती, कर्ज, आईचं आजारपण हे यात घालू नका. तुमचं दुःख खरं आहे, पण या पानावर निर्णय फक्त तब्येतीवर होतो आणि बाकी मजकुरात मुद्दा हरवतो.

अर्ज हातोहात द्या आणि दुसऱ्या प्रतीवर पोच घ्या. घेतला नाही तर वाद घालू नका, त्याच दिवशी स्पीड पोस्टने पाठवा, पावती जपा आणि एक प्रत थेट रेकॉर्ड ऑफिसला पाठवा. मराठा लाइट इन्फन्ट्रीचं रेकॉर्ड ऑफिस बेळगावला, बॉम्बे सॅपर्सचं इथेच खडकीला, तोफखान्याचं नाशिक रोडला, आर्मर्ड कोअर आणि मेकॅनाइज्ड इन्फन्ट्रीचं अहिल्यानगरला, महार रेजिमेंटचं मध्य प्रदेशात सागरला. दोन महिने काहीच हाललं नाही तर अर्जाची सद्यस्थिती माहिती अधिकारात विचारा. अर्ज कुठल्या टेबलावर आहे हे त्या १० रुपयांत कळतं.

बोर्डाचा दिवस

पुण्यातल्या जवानाच्या तपासण्या साधारण कमांड हॉस्पिटल किंवा खडकीच्या मिलिटरी हॉस्पिटलमध्ये होतात. बोर्ड फक्त जुना आजार बघत नाही, डोक्यापासून पायापर्यंत सगळं बघतं, आणि बरेच जण जुन्या आजारात पास होऊन भलत्याच गोष्टीत अडकतात. आठवडाभर आधी कानातला मळ डॉक्टरकडून काढून घ्या. कुजबुज ६१० सेंटिमीटरवरून ऐकू यावी लागते आणि मळाने भरलेला कान तिथे हरतो. दातांचे किमान १४ गुण लागतात, किडलेले दात भरून घ्या. घरी आल्यानंतर टॅटू काढलेला असेल तर तोही बघा: कायमचा टॅटू हाताच्या आतल्या बाजूला कोपर ते मनगट आणि तळहाताच्या मागच्या बाजूला, एवढाच चालतो. हायड्रोसील (अंडकोशात पाणी साचणं) आणि पायावरच्या फुगलेल्या शिरा यांचीही आधी तपासणी करून घ्या.

आदल्या रात्री नीट झोपा, चहा-तंबाखू टाळा. दाब किंवा वेदना लपवण्यासाठी गोळी घेऊ नका. रक्त-लघवीच्या तपासणीत आणि २४ तासांच्या निरीक्षणात ती उघडी पडू शकते, आणि मग एका अपात्रतेच्या जागी खोटेपणाचा शेरा बसतो. डॉक्टर विचारतील तेवढंच, सरळ सांगा. कागद तारखांच्या क्रमाने लावलेले हवेत, मूळ आणि प्रती वेगळ्या फायलींत.

फिट ठरलात तर दोन गोष्टी लेखी विचारा: जुनी सेवा मोजली जाणार का, आणि भरती कोणत्या पदावर, कोणत्या अटींवर. अनफिट ठरलात तर कारण लिहून घ्या. ‘अनफिट’ या एका शब्दावर पुढे काहीच करता येत नाही.

हे करू नका

जुनी सेवा लपवून अग्निवीर म्हणून नव्याने भरती व्हायचा सल्ला काही अकादम्यांच्या आसपास दिला जातो. ऐकू नका. भरतीच्या फॉर्मवर आधी सैन्यात होता का आणि का सोडलं हे विचारलेलं असतं. आर्मी ॲक्ट १९५० च्या कलम ४३ मध्ये फसवून भरती होणं आणि कलम ४४ मध्ये भरतीच्या वेळी खोटं उत्तर देणं हे गुन्हे आहेत, पाच वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. आधार आणि बोटांचे ठसे जुळले की जुनी फाईल समोर येतेच. ‘रेकॉर्ड ऑफिसात माणूस आहे’ म्हणून पैसे मागणाऱ्याचंही तेच. बोर्डाचा निकाल विकत मिळत नाही, आणि तुमचे मूळ कागद मात्र त्याच्याकडे अडकतात.

दुसऱ्या दारांनी

पदवी झाली असेल आणि अधिकारी भरतीतून प्रयत्न करायचा असेल तर जुनी सेवा आणि बोर्ड उघडपणे लिहा आणि वैद्यकीय अपिलाच्या मुदती लक्षात ठेवा. एसएसबीनंतरच्या (अधिकारी निवडीच्या मुलाखतीनंतरच्या) मेडिकल बोर्डात तात्पुरतं अनफिट केलं तर ४२ दिवसांच्या आत अपील बोर्डासमोर हजर व्हायचं असतं. तिथेही नाकारलं तर रिव्ह्यू बोर्डाची विनंती करता येते. तो मिळेलच असं नाही, मंजुरी सशस्त्र दल वैद्यकीय सेवेच्या महासंचालनालयाकडून येते आणि मंजूर झाल्यास तो दिल्ली किंवा पुणे या दोनच ठिकाणी भरतो. नौदलात खलाशी भरतीच्या अपिलासाठी २१ दिवस आणि ४० रुपयांची सरकारी भरणा पावती असा नियम आहे. परिच्छेद १४३ भूदलाचा आहे, नौदल आणि हवाई दलाच्या माणसाने तो आपल्या अर्जात घालू नये.

टेरिटोरियल आर्मी (प्रादेशिक सेना) आणि डिफेन्स सिक्युरिटी कोअरमध्ये (संरक्षण आस्थापनांची राखण करणारं दल) माजी सैनिक घेतात, पण तिथेही शेप-१ लागतंच. पुण्यात टेरिटोरियल आर्मीची १०१ इन्फन्ट्री बटालियन आहे म्हणून अनेक जण तिकडे चौकशी करतात. बोर्ड आऊटचा कागद घेऊन गेलात तर तिथेही आधी तब्येतीचाच प्रश्न येणार.

एनडीएच्या (राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीच्या) कॅडेटची गोष्ट वेगळी आहे. खडकवासल्यात ट्रेनिंगमध्ये जखमी होऊन बोर्ड आऊट झालेला मुलगा नियमांच्या भाषेत अजून सैनिक नसतो, त्याला जवानाची पेन्शन लागू होत नाही. त्याला दरमहा ९,००० रुपये सानुग्रह रक्कम, शिवाय १०० टक्के अपंगत्वाला १६,२०० रुपये आणि कमी अपंगत्वाला त्या प्रमाणात, वर महागाई सवलत, असं मिळतं. ऑगस्ट २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने या मुलांचा प्रश्न स्वतःहून हाती घेतला आणि त्याच महिन्यात त्यांना ईसीएचएसची (माजी सैनिकांच्या आरोग्य योजनेची) उपचार सुविधा देण्याचा निर्णय झाला. जुन्या कॅडेटच्या पालकांनी ही नोंदणी झाली आहे का ते आत्ता तपासावं.

नकार आला तर

रेकॉर्ड ऑफिसचं पत्र आलं की त्यावरची तारीख वहीत लिहा. सशस्त्र दल न्यायाधिकरणात अंतिम आदेशापासून सहा महिन्यांत जावं लागतं. निवेदन देऊन सहा महिने उत्तरच आलं नाही, तर त्यापुढचे सहा महिने मिळतात. उशीर झाला तर कारण पटवून माफी मागता येते, पण सेवेत परत घेण्याच्या मागणीत उशीर फार जड जातो. पेन्शनच्या दाव्यात तो तितका जड जात नाही, कारण ते दरमहा चालू राहणारं नुकसान मानतात, तरी थकबाकी साधारण मागच्या तीन वर्षांपुरतीच मिळते. महाराष्ट्राचं खंडपीठ मुंबईत आहे. न्यायाधिकरण स्वतः डॉक्टर होत नाही, म्हणून मागणी ‘मला परत घ्या’ एवढीच करू नका. ‘नव्याने मेडिकल बोर्ड बसवावा आणि त्याच्या निकालाप्रमाणे परिच्छेद १४३ खाली निर्णय द्यावा’ अशी मागणी मान्य होण्याची शक्यता जास्त असते.

वकिलाची फी परवडत नसेल तर अपंग व्यक्तींना विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळतो. जुलै २०२५ मध्ये राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरणाने सैनिक कुटुंबांसाठी वेगळी योजना सुरू केली आणि तिची मदत केंद्रं सैनिक कल्याण कार्यालयांत काढायचं ठरवलं आहे. पुण्याच्या जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात आधी तिथली चौकशी करा. जाताना डिस्चार्ज बुक, एएफएमएसएफ-१६ आणि नकाराचं पत्र, तिन्हींच्या दोन-दोन प्रती बरोबर ठेवा.